साडेअकरा महिने ई-रीडर, २४२ दिवस आणि दुधाचे खाडे

१४ जून, रात्रीचे अकरा पन्नास. उशाजवळचा ई-रीडर उचलला, बटण दाबलं. पडद्यावर तेच, यंत्र झोपलं की दिसणारं चित्र. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं, चार्जर लावला. चित्र काही जागचं हलेना. सकाळपासून ते तसंच दिसत होतं म्हणून मी निवांत होतो. ई-इंकच्या पडद्याची हीच गंमत आहे. आतले काळे-पांढरे कण वीज लावली की जागा बदलतात, आणि एकदा बसले की विजेशिवाय तसेच बसून राहतात. म्हणून तर एका चार्जिंगवर आठवडे निघतात. आणि म्हणूनच यंत्र मेलं तरी तोंडावरून कळत नाही.

दहा मिनिटांत दिवस संपणार होता आणि माझे वाचनाचे सलग २४२ दिवस पाण्यात जाणार होते. गेलेच.

आता मागचं सांगतो. २०१९ च्या महापुरात कोल्हापुरात मामांच्या शाहूपुरीतल्या घरात पुस्तकांच्या दोन ट्रंकांचा लगदा झाला होता. तेव्हापासून डोक्यात होतं की पुस्तकं अशा जागी ठेवावीत जिथं पंचगंगा पोचणार नाही. वाचन प्रेरणा दिनाला, १५ ऑक्टोबर २०२४ ला, सहा इंची साधं मॉडेल घेतलं. १०,९९९ रुपये. ठरवलं, वर्षात २४ पुस्तकं, म्हणजे महिन्याला दोन. गोकुळ शिरगावला कामाला जातो, कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मिळून तासभर मिळतो. तेवढ्यात होईल असा हिशोब.

पडदा, प्रकाश, वजन यांबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी वेळ घालवत नाही. उन्हात झकास दिसतं. बसच्या हिसक्यांत एका हातानं पान उलटतं. तिसऱ्या महिन्यात मी खरेदीच्या ठिकाणी पाच तारे देऊन आलो होतो. ते आता बदलता येतात का बघतोय.

मराठीचं सांगायलाच पाहिजे. विकत घेतलेली पुस्तकं नीट दिसतात. पण बाहेरून टाकलेल्या काही फाइलींत ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द आले की अर्ध्या र चे तुकडे. टिंब एकीकडं, पाय मोडलेला र दुसरीकडं, आणि पुढचं अक्षर अनोळखी माणसासारखं लांब उभं. एका पानावर असे सात शब्द मोजले. अर्थ लागतो, पण जेवताना दाताखाली खडा यावा तसं होतं. शब्दावर बोट दाबून ठेवलं तर अर्थ सांगणारी सोय मराठीला नाहीच. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात म्हणून मी हरखलो होतो. पण ती पीडीएफ. सहा इंचात अक्षर मोहरीएवढं. आडवं धरायचं, तुकड्या-तुकड्यांत वाचायचं, मध्ये ओळ हरवायची. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण डोळे दुखले.

पण माझा राग या कशावर नाही. राग आहे त्या सलग दिवसांच्या आकड्यावर.

रोज थोडं वाचलं की आकडा एकानं वाढतो. एक दिवस चुकला की शून्य. सुरुवातीला याचा खरंच उपयोग झाला. पहिल्या दोन महिन्यांत पाच पुस्तकं झाली, एवढं मी कॉलेज सुटल्यापासून वाचलं नव्हतं. पण नंतर कळलं की हा आकडा फक्त यंत्राच्या कंपनीच्या ऑनलाइन दुकानातलं पुस्तक उघडलं तरच हलतो. मंडळाची पीडीएफ दोन तास डोळे फोडून वाचा, शून्य. कागदी पुस्तक वाचा, शून्य. दुकानातलं फुकट नमुना प्रकरण उघडून एक पान उलटा, दिवस भरला! मग व्हायला लागलं असं, की बसमध्ये पीडीएफ वाचायची आणि रात्री अकरा पन्नासला झोपेतून उठून नमुना प्रकरणाचं एक पान उलटायचं. एका पाककृतीच्या पुस्तकाचं नमुना प्रकरण मी मार्च ते मे असं ‘वाचलं’. बायको म्हणाली, “हजेरी लावताय की वाचताय?” मी उत्तर दिलं नाही, कारण पान उलटायचं राहिलं होतं.

सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात नाही. पुण्याला कुरिअर केलं. पाच दिवसांनी फोन आला.

“सर, डिव्हाइसमध्ये लिक्विड डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही.”

“अहो, त्यावर पाण्याचा थेंब पडलेला नाही.”

“सर, चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा दिसतोय.”

“कोल्हापुरात जून आहे, साहेब. इथं माचिसमध्येपण ओलावा आहे.”

उपयोग झाला नाही. सहा फोन, चार मेल, दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. शेवटी कुरिअरसकट १,७७० रुपये भरले आणि २३ दिवसांनी यंत्र घरी आलं. त्यांच्यातलाच एक जण जाता जाता म्हणाला, “सर, त्या रात्री मोबाइलवरच्या ॲपमध्ये वाचलं असतं तरी दिवस मोजला गेला असता.” हे मला १४ जूनला सांगायला कोण आलं होतं?

मधल्या दिवसांत हाताला काहीतरी पाहिजे म्हणून करवीर नगर वाचन मंदिरात गेलो. १८५० सालची संस्था, म्हणजे आमच्या गावाला वाचायची सवय यंत्राआधी दीड-पावणेदोनशे वर्षं आहे. लहानपणी आजोबांच्या कार्डावर पुस्तकं आणायचो, मग कधीतरी सुटलं. परत सभासद झालो. पुस्तक परत करायची तारीख असते, उशीर झाला की पैसे जातात, आणि माझ्यासारख्या माणसाला दंडाएवढी दुसरी प्रेरणा नाही. २३ दिवसांत तीन पुस्तकं झाली. ‘तऱ्हा’ प्रत्येक पानावर अखंड.

यंत्र आल्यावर आकडा शून्य होता. वाय-फाय बंद केलं, अजून बंदच आहे. आता पुस्तक घ्यायचं असलं तरच चालू करतो. आणि हे सांगायला नको वाटतं, पण तसं वापरलं तर वस्तू चांगली आहे. बसमध्ये हेच लागतं. लायब्ररीचं पुस्तक पावसात बाहेर काढवत नाही.

आजवरची पुस्तकं १९. त्यातली यंत्रावरची ११, लायब्ररीची ८. मूळ किंमत आणि दुरुस्ती मिळून १२,७६९ भागिले ११, म्हणजे पुस्तकामागं अकराशे साठ रुपये, पुस्तकांची किंमत वेगळी. हा भागाकार मी घरात कुणाला दाखवलेला नाही. चोवीस काही होत नाहीत. घ्यायचंच असेल तर जुनं घ्या, नवं घेऊन आकड्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, आणि पावसाळ्यात कोरड्या, बंद डब्यात ठेवा. मला तीन तारे द्यायचेत, आकड्याचा राग धरला तर दोन.

मोजणीचं मात्र सुटलं नाही. स्वयंपाकघरात दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे मांडतात, तिथंच मी माझे मांडायला लागलो. वाचलं त्या दिवशी काही लिहायचं नाही, चुकलं तर चौकोनात फुली. दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून कुणी वर्षाचं दूध शून्य धरत नाही, तसंच. ऑगस्टमध्ये माझे नऊ खाडे झाले, गणपतीत जास्त. आठवड्याला दोनपेक्षा थोडे जास्त, चालतंय.

फक्त फुली दुधाचीही तीच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दूधवाले मामा पैसे मोजून दारातच थांबले.

“वहिनी, नऊ रोज खाडं कधी झालं ओ? मी तर पावसातबी येतोय.”

तेव्हापासून माझी फुली लाल पेनानं असते.