दहाने गुणताना काय सरकवायचं: दशांश चिन्ह की अंक?

४.७ × १० = ४७. उत्तराबद्दल कुणाचाच वाद नाही, मुलांना ते समजवायचं कसं यावर मात्र दोन तट आहेत.

'चिन्ह एक घर उजवीकडे न्या' ही पद्धत झटपट. पण ती नुसती पाठ केलेलं मूल ४.७ × १०० पाशी अडतं. चिन्हापुढे अंक एकच, मग दुसरं घर आणायचं कुठून? कुणी अंदाजाने शून्य लावतं, कुणी ४७ वरच थांबतं. भागाकार आला की उजवं-डावं याचाही घोळ.

दुसऱ्या पद्धतीत चिन्ह हलतच नाही. एकक आणि दशांश यांच्यामध्ये ते ठाण मांडून बसतं, सरकतात ते अंक. शतक, दशक, एकक, दशांश अशी घरं आखा. शंभराने गुणलं की ४ एककातून शतकात जातो, ७ दशांशातून दशकात. एककाचं घर रिकामं राहतं, तिथे शून्य लिहावंच लागतं: ४७०. ते शून्य कुठून आलं हे मुलाला डोळ्यांनी दिसतं.

यात वेळ जातो, तक्ते आखायचा मुलांना कंटाळाही येतो. तरी माझ्या मते सुरुवात इथूनच व्हावी. चिन्ह सरकवायची युक्ती बरीच मुलं पुढे आपली आपण शोधून काढतात, तेव्हा खुशाल वापरू द्यावी.