कतारचा गॅस की अमेरिकेचा? कारखान्याच्या करारावर सही करण्यापूर्वी

गॅस पुरवठादाराने तुमच्यापुढे दोन मसुदे ठेवले आहेत. एकात दर ब्रेंट कच्च्या तेलाला बांधलेला आहे, दुसऱ्यात हेन्री हबला, म्हणजे अमेरिकेतल्या लुइझियानात जिथे अनेक पाइपलाइन एकत्र येतात तिथल्या गॅसच्या दराला. भट्टीत जळणारा गॅस दोन्हीकडे सारखाच. कतारशी होणारे करार बहुतेक पहिल्या जातीचे असतात, अमेरिकेशी होणारे दुसऱ्या. पुढची काही वर्षं तुमचं बिल कशामुळे वरखाली होणार, ते या सहीने ठरतं. खरेदी विभागात मी बरीच वर्षं काढली. सूत्र न वाचता फक्त आजचा दर बघून सह्या झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि नंतर त्यापायी रात्रपाळी बंद पडलेलीही पाहिली आहे. म्हणून आधी गणित.

तेलाशी जोडलेल्या करारात ब्रेंटचा ठरावीक टक्का धरतात. समजा तो साडेबारा टक्के आहे. ब्रेंट 70 डॉलर असेल तर गॅस पडतो 8.75 डॉलर प्रति एमएमबीटीयू (गॅसमधली उष्णता मोजायचं एकक, गॅसचा दर यावरच सांगतात). अमेरिकी सूत्र वेगळं. गेल या सरकारी गॅस कंपनीने 2011 साली अमेरिकेतल्या सबाइन पास प्रकल्पाशी जो करार केला, त्यात हेन्री हबच्या 115 टक्के अधिक द्रवीकरणाचे, म्हणजे जहाजात भरण्यासाठी गॅस थंड करून द्रव करण्याचे, 3 डॉलर अशी रचना आहे. हेन्री हब 3 डॉलर असेल तर 6.45 झाले. त्यावर जहाजभाडं अडीच डॉलर धरा, 8.95. म्हणजे या दरांना दोन्ही कागद जवळजवळ सारखे दिसतील, आणि फसगत होते ती इथेच.

हेच सूत्र जुन्या वर्षांना लावून बघा. 2020 मध्ये ब्रेंटची सरासरी बेचाळीस डॉलरच्या आसपास होती, हेन्री हबची दोनच्या आसपास. तेलाच्या सूत्राने सव्वापाच डॉलर, अमेरिकेच्या सूत्राने पावणेआठहून थोडं जास्त. अमेरिकी दराला तळ आहे: गॅस फुकट मिळाला तरी द्रवीकरण आणि भाड्याचे साडेपाच डॉलर सुटत नाहीत. 2022 मध्ये ब्रेंट शंभरीवर आणि हेन्री हब सहाच्या वर गेला, तेव्हा दोन्ही सूत्रं तेराच्या आतबाहेर आली. त्या वर्षी आशियातला स्पॉट दर, म्हणजे करार नसताना त्या वेळी बाजारात मिळेल तो दर, सरासरी तीस डॉलरच्या वर होता. ज्यांनी करारच केला नव्हता, त्यांचे हाल सगळ्यात जास्त झाले. त्यामुळे ‘स्पॉटवरच भागवू’ हा तिसरा पर्याय कुणी सुचवत असेल, तर 2022 ची बिलं त्याच्यापुढे ठेवा.

आता पुरवठ्याकडे वळू. कतारचा नॉर्थ फील्ड इराणच्या साउथ पार्सशी जोडलेला, जगातला सगळ्यात मोठा गॅससाठा. कतारच्या रास लफान बंदरातून गुजरातमधल्या दहेजला जहाज काही दिवसांत पोचतं. गॅस आयात करणाऱ्या पेट्रोनेट कंपनीचा वर्षाला 75 लाख टनांचा करार 1999 चा, पुरवठा सुरू झाला 2004 मध्ये, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये गोव्यातल्या इंडिया एनर्जी वीकमध्ये तो 2028 पासून पुढच्या वीस वर्षांसाठी वाढवला गेला. कतारने वार्षिक क्षमता 7.7 कोटी टनांवरून 2030 पर्यंत 14.2 कोटी टनांवर नेण्याचा कार्यक्रम जाहीर केला आहे.

पण याच जुन्या कराराने एक धडा दिला. त्यातला दर तेलाच्या साठ महिन्यांच्या सरासरीवर होता. 2014 च्या उत्तरार्धात तेल कोसळलं, स्पॉट गॅस स्वस्त झाला, तरी आपला दर बारा-तेरा डॉलरवरच अडकून राहिला. खरेदीदारांनी माल कमी उचलला आणि दंडाची टांगती तलवार आली. 2015 च्या शेवटी कतारने सूत्र बदलायला मान्यता दिली आणि सरासरीचा काळ तीन महिन्यांवर आणला. देशाच्या पातळीवर हे जमलं. एका कारखानदारासाठी कुणी सूत्र बदलत नाही. म्हणून मसुद्यात टक्का किती आहे त्याच्याही आधी सरासरी किती महिन्यांची, ते बघा.

कतारची खरी नड रस्त्याची आहे. तिथला एलएनजी, म्हणजे द्रवरूप गॅस, समुद्रमार्गे बाहेर निघतो तो इराणला लागून असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच. जून 2025 मध्ये इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा ती वाट बंद पडण्याची भीती नकाशातून उठून थेट आपल्या भट्टीपर्यंत आली.

अमेरिकेचा रस्ता लांब, पण मोकळा. गेलच्या दीर्घ मुदतीच्या करारातलं पहिलं जहाज मार्च 2018 मध्ये आपल्या दाभोळला लागलं. हा माल कुठे उतरवायचा, याचं बंधन सहसा नसतं. 2020 च्या उन्हाळ्यात दर कोसळले तेव्हा खरेदीदारांनी द्रवीकरणाचं शुल्क भरून शंभराहून जास्त अमेरिकी जहाजं रद्द केली. अशी सवलत कतारकडे सहसा मिळत नाही. मात्र ती मोठ्या आयातदाराची सवलत आहे. ती तुमच्यापर्यंत झिरपते का, हे करारात लिहून घेतल्याशिवाय धरून चालू नका.

अमेरिकेची जोखीम तिच्या घरातली आहे. 2023 मध्ये ती जगातली सगळ्यात मोठी एलएनजी निर्यातदार झाली. निर्यात वाढेल, डेटा सेंटरांसाठी वीज लागेल, तसा हेन्री हब वर सरकेल, असं मला वाटतं. तो साडेचारवर गेला तर वरच्या सूत्राने गॅस 10.68 डॉलर पडतो. तेवढ्यासाठी ब्रेंटला पंच्याऐंशी डॉलर गाठावे लागतील. शिवाय धोरणही हलतं: नव्या निर्यात परवान्यांना जानेवारी 2024 मध्ये बायडेन यांनी स्थगिती दिली, वर्षभराने ट्रम्प यांनी ती उठवली. आणि जून 2022 मध्ये टेक्सासच्या फ्रीपोर्ट प्रकल्पात स्फोट होऊन निर्यात थांबली, तेव्हा तिथला गॅस देशातच अडकून हेन्री हब उतरला. कागदावर दर उतरला, पण जहाज मात्र आलं नाही.

मी निवड करताना एक प्रश्न आधी विचारेन: तुमच्या मालाशी स्पर्धा करणारा काय जाळतो? तो फर्नेस ऑइल किंवा प्रोपेन वापरत असेल तर तेलाशी जोडलेला करार घ्या. तेल महागलं तर दोघांचाही खर्च वाढेल, बाजारात दर वाढवता येतील. तो कोळशावर असेल किंवा माल परदेशी गॅसवाल्यांशी टक्कर देत असेल, तर दोन तृतीयांश हेन्री हबला आणि उरलेला तेलाला अशी विभागणी मी करेन. मुदत तीन ते पाच वर्षांचीच. 2030 पर्यंत अमेरिका आणि कतार मिळून एवढी नवी क्षमता आणू पाहत आहेत की दहा वर्षांच्या दराला आत्ताच बांधून घेण्याची घाई मला पटत नाही.

बैठकीला जाताना ‘टेक ऑर पे’चं, म्हणजे गॅस उचलला नाही तरी पैसे भरण्याचं, कलम आधी उघडा. वर्षाच्या नव्वद टक्के गॅसचे पैसे भरायचेच असतील आणि तुमच्याकडे दिवाळीनंतर दोन महिने मंदी असते, तर आकडा ऐंशीवर आणा आणि न उचललेला गॅस पुढच्या वर्षी घेण्याची सोय लिहून घ्या. दुसरं, मूळ पुरवठा तुटला तर पर्यायी गॅस कोणत्या दराने मिळेल? 2022 मध्ये गाझप्रोमच्या जुन्या सिंगापूर शाखेने गेलला करारातला माल पाठवणं थांबवलं आणि खालच्या ग्राहकांच्या वाट्याला कपात आली. तिसरं, नैसर्गिक वायू जीएसटीबाहेर आहे, त्यावरच्या व्हॅटचं क्रेडिट जीएसटीत मिळत नाही. दोन्ही मसुद्यांची तुलना डॉलरमध्ये थांबवू नका. पुन्हा वायुरूपात आणण्याचा खर्च, पाइपलाइनचं भाडं आणि कर धरून भट्टीच्या तोंडाशी किती रुपये पडतात, तो आकडा पुरवठादाराकडून लेखी घ्या.