स्नेक प्लांट घ्यावं की झीझी?

"फारसं लक्ष द्यावं लागणार नाही असं एखादं झाड द्या" म्हटलं की नर्सरीवाला हमखास स्नेक प्लांट आणि झीझी (ZZ प्लांट) या दोन कुंड्या पुढे करतो. माझ्या घरात दोन्ही आहेत. दुर्लक्ष दोन्ही सोसतात, सोसत नाही ते मायेपोटी घातलेलं जास्तीचं पाणी. म्हणून निवड करताना आधी आपल्या हाताची सवय बघा, मग घरातली जागा.

स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेकडचं. ते जाड पानांत आणि मातीखालच्या आडव्या कांडांत पाणी साठवतं. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या झीझीला मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात. उन्हाळ्यात स्नेक प्लांटला मी दहा-बारा दिवसांनी पाणी देते, झीझीला साधारण तीन आठवड्यांनी. महिनाभर गावी जाणार असाल तर झीझी जास्त भरवशाचं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. दोन वर्षांपूर्वी मी स्नेक प्लांटला जुलैतही उन्हाळ्यासारखंच पाणी घालत राहिले. पानं उभी, हिरवीगार, वरून काही कळत नव्हतं. एकदा धूळ पुसताना अख्खं पानच हातात आलं. बुडाशी पिवळट, पिचपिचीत आणि कुबट वासाचं. फार वाईट वाटलं. कुजलेला भाग कापून टाकला, उरलेले तुकडे चार दिवस सावलीत सुकवले आणि वाळूत रोवले. त्यांतले तीन जगले. मात्र त्यांना फुटलेले कोंब निव्वळ हिरवे निघाले, मूळ झाडाच्या पानांची पिवळी किनार एकातही नव्हती. ती किनार टिकवायची तर पान लावून चालत नाही, मुळासकट कोंबच वेगळा करावा लागतो. तेव्हापासून पावसाळ्यात अगरबत्तीची काडी मातीत खोल खुपसून बघते. ओली माती चिकटून आली तर पाणी नाही. मग तीन-चार आठवडे गेले तरी चालतं.

उजेडाचं म्हणाल तर स्नेक प्लांट कुठेही जुळवून घेतं. खिडकीतलं सकाळचं ऊनही त्याला चालतं, उलट तिथे ते भराभर वाढतं. झीझीची पानं कडक उन्हात करपतात, पण पॅसेजच्या मंद उजेडात त्याची तकाकी टिकते. मिट्ट काळोखात मात्र दोन्ही नकोत. जागा अडचणीची असेल, सोफा आणि भिंत यांच्यामधली वीतभर फट असेल, तर स्नेक प्लांटच. ते सरळ वर जातं, तर झीझीच्या फांद्या कमानीसारख्या बाहेर झुकतात. किमतीतही झीझी सहसा महाग पडतं.

ही झाडं घरातली हवा शुद्ध करतात या दाव्यावर पैसे घालू नका. नासाचा 1989 चा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो, तो छोट्या बंदिस्त पेट्यांमधला होता. आपल्या खोलीत दारं-खिडक्या उघडल्या की कुंड्यांपेक्षा कितीतरी जास्त हवा बदलते. स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देतं असंही सांगतात. त्याची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, रात्री उघडतात हे खरं, पण त्यामुळे खोलीत जाणवेल इतका प्राणवायू मिळत नाही.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर दोन्ही कुंड्या उंचावर ठेवा. स्नेक प्लांट चघळलं तर उलट्या होऊ शकतात, झीझीने तोंडाची आग होते.

पहिल्यांदाच झाड आणत असाल आणि घरात एक तरी उजेडाची खिडकी असेल, तर मी स्नेक प्लांटच सुचवेन. त्याला दरवर्षी नवे कोंब फुटतात आणि शेजारी-पाजारी वाटताही येतात. माझ्याकडे तर प्लॅस्टिकची कुंडी कांडांच्या जोराने एका बाजूला फुगून तडकली. झीझीचं सुटं पान लावलं तर गड्डा धरायलाच कित्येक महिने जातात.

घेताना पानाचं बूड चिमटीत दाबून बघा, ते टणक हवं. कुंडीत निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर ते ओल धरून ठेवतं, म्हणून घरी आणल्यावर आठवडाभरात झाड मातीच्या कुंडीत हलवा. निम्मी माती, निम्मी जाडी वाळू, आणि खालचं भोक मोकळं.