सेकंड-हँड बीएमडब्ल्यू एम५ (एफ१०) घरची गाडी म्हणून: काही महिन्यांच्या वापरानंतर

एम५ म्हणजे बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीज सेडानची वेगवान आवृत्ती. तिची एफ१० पिढी २०११ ते २०१६ या काळात बनली. ४.४ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही८ इंजिन, ५६० अश्वशक्ती, १५०० आरपीएमपासूनच ६८० न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. एवढं वाचून ही मुलांना शाळेत सोडायची गाडी वाटत नाही, पण रोजच्या वापरात ती तशीच शांतपणे चालते. ताकद सांभाळणं अवघड नाही. सांभाळावी लागते ती उष्णता आणि १९०० किलोच्या आसपासचं वजन. या गाडीत जे झिजतं, गळतं किंवा फुटतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा या दोनपैकी एक कारण असतं. विकत घेतानाची तपासणीही त्याच नजरेने करायची.

आधी उष्णता. दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खोबणीत, इंजिनाच्या वरच्या बाजूला बसवलेले आहेत. एक्झॉस्टचा मार्ग आखूड झाल्याने टर्बो लगेच प्रतिसाद देतात, पण सगळी धग बॉनेटखाली मधोमध साठते. आजूबाजूचे रबरी पाइप, प्लॅस्टिकचे कनेक्टर, टर्बोच्या ऑइल-कूलंटच्या नळ्यांची सीलं, वायरिंगचं आवरण, सगळं वर्षानुवर्षं भाजत राहतं आणि कडक होऊन तडकतं. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि छोटा इलेक्ट्रिक कूलंट पंप काही वेळ चालू राहतात. तो बिघाड नाही, टर्बो थंड करण्याची ती सोयच आहे. म्हणूनच जोरात चालवून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवायचे आणि त्या वेळी ऑटो स्टार्ट-स्टॉप बंद ठेवायचं.

गाडी बघायला जाताना मालकाला इंजिन आधी सुरू करू नका असं बजावून सांगा. थंड इंजिनावर बॉनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी परत या. सुरू होताना काही सेकंद खडखड, एखाद्या सिलिंडरचा चुकणारा ठोका, निळसर धूर या गोष्टी थंड स्टार्टलाच दिसतात. नंतर गाडी पूर्ण गरम करा, पंधरा-वीस मिनिटं उभी असताना आयडल चालू द्या आणि मग ॲक्सिलरेटर हलकेच दाबून मागे धूर बघा. आयडलनंतर निळा ढग आला तर व्हॉल्व्ह स्टेम सीलं किंवा टर्बोची सीलं ऑइल सोडताहेत. दोन्ही कामांत इंजिनाचा वरचा भाग उघडावा लागतो. भाव पाडून अशी गाडी घेण्यापेक्षा सोडून दिलेली बरी.

कूलंटची टाकी थंड असताना उघडा. पातळी कमी असेल, झाकणाभोवती किंवा पाइपांच्या जोडांवर वाळलेला पांढरट थर असेल, तर कुठेतरी बारीक गळती आहे. या गाडीत इंटरकूलरही पाण्यावर चालणारे आहेत. त्यांचं सर्किट आणि पंप वेगळे असतात, त्यामुळे इंजिनाचं तापमान ठीक दिसत असतानाही तिथला पंप मेलेला असू शकतो. लक्षण एकच: उन्हात पहिला जोर चांगला, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गाडी सुस्त. स्कॅनर लावल्यावर फक्त चालू फॉल्ट बघून थांबू नका. साठवलेले मिसफायर (चुकलेले ठोके) कोणत्या सिलिंडरचे आहेत, वेगवेगळ्या मॉड्यूलमधले किलोमीटर मीटरशी जुळतात का, इंजिनाचं सॉफ्टवेअर मूळ आहे का, हे तिन्ही तपासा. ट्यूनिंग करून पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलेल्या गाड्या बाजारात असतात. सॉफ्टवेअर बदललं तरी गिअरबॉक्स आणि बेअरिंगांनी सोसलेला ताण पुसला जात नाही.

२०१२ मध्ये ऑइल पंपाच्या ड्राइव्ह शाफ्टमुळे काही एम५ आणि त्याच इंजिनाच्या एम६ परत बोलावल्या होत्या. शाफ्ट रोटरपासून सुटला तर ऑइलचा दाब जातो आणि इंजिनही जातं. त्या काळातली गाडी असेल तर चेसिस नंबरवरून काम झाल्याची खात्री करा. सर्व्हिसच्या नोंदींत पहिली सर्व्हिस २००० किलोमीटरच्या आसपास झालेली दिसली पाहिजे. तेव्हा इंजिनाचं आणि डिफरेन्शियलचं ऑइल बदलतात. ती नोंद असलेली गाडी पहिल्या मालकाने मनापासून सांभाळलेली असण्याची शक्यता जास्त.

किलोमीटर कमी म्हणजे गाडी चांगली, हा समज इथे फार महागात पडतो. रोज चार किलोमीटर चालून थंडच बंद होणाऱ्या इंजिनात पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये मिसळत राहतात, बॅटरी कधी पूर्ण भरत नाही आणि टायर न झिजताच म्हातारे होतात. लांब रस्त्यांवर चाललेली, दरवर्षी ऑइल बदलल्याच्या पावत्या असलेली ९० हजार किलोमीटरची गाडी मी ३० हजारांच्या शोभेच्या गाडीआधी निवडेन.

ऑइलबद्दल एक गोंधळ सतत दिसतो. आधीच्या व्ही१० एम५ला १०डब्ल्यू-६० हे जाड ऑइल लागायचं, म्हणून काही गॅरेजवाले यातही तेच ओततात. या इंजिनाला बीएमडब्ल्यूची एलएल-०१ मान्यता असलेलं पातळ ऑइल लागतं. गाडी सर्व्हिसची आठवण करून देईपर्यंत थांबू नका. ८००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदला. दर दोन टाक्यांना डॅशबोर्डवरच्या आयड्राइव्हच्या पडद्यावर पातळी मोजा, गाडी गरम आणि सपाट जागेवर असताना. काढलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर शिसं आणि तांब्याचं प्रमाण कळतं. ते एका बदलापासून दुसऱ्या बदलापर्यंत चढत गेलं, तर कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं झिजताहेत. स्पार्क प्लग ५० हजार किलोमीटरच्या आत आठही एकदम बदलावेत.

आता वजन, म्हणजे टायर आणि ब्रेक. १९ इंचाच्या चाकांवर पुढे २६५/४० आणि मागे २९५/३५. दोन्ही मापं वेगळी, त्यामुळे पुढचे मागे फिरवता येत नाहीत आणि मागचे आधी संपतात. खरेदीच्या वेळी मागच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवा. कॅम्बरमुळे (चाक वरून आत कललेलं असल्याने) बाहेरून टायर नवा दिसतो आणि आतल्या कडेला गुळगुळीत झालेला असतो. २० इंची चाकं देखणी, पण खड्ड्यांत रिम वाकतात आणि मागच्या सीटवर हादरे येतात. घरासाठी १९ इंचीच घ्या. रन-फ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर नाहीत आणि स्टेपनीही नाही, म्हणून कंप्रेसर आणि सीलंट डिक्कीत हवंच. सीलंटच्या बाटलीवरची मुदत तपासा.

पुढच्या ब्रेक डिस्क ४०० मिलिमीटरच्या आहेत. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, तिच्याशी मोजमाप ताडून बघा. स्टिअरिंग थरथरत असेल तर ते नीट ओळखा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर आली तर डिस्क किंवा पुढच्या सस्पेन्शन आर्मचे फाटलेले रबरी बुश, ब्रेक न दाबता ठरावीक वेगाला आली तर चाकांचं बॅलन्सिंग किंवा वाकलेला रिम. बुश फाटलेले असताना नव्या डिस्क टाकल्या की थोडे दिवस बरं वाटतं आणि थरथर परत येते. गाडी लिफ्टवर घेऊन लिव्हरने बुश हलवून बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे. स्प्रिंगा साध्या पोलादी आहेत, हवेच्या नाहीत. जुन्या गाडीत ही मोठी जमेची बाजू. फक्त इलेक्ट्रॉनिक शॉकॲब्सॉर्बरवर ऑइलचे ओघळ आहेत का ते बघा.

कुटुंबासाठी मागची सीट दोघांना उत्तम आहे. बाहेरच्या दोन्ही जागांवर आयसोफिक्स (मुलांची सीट अडकवायचे हुक) आहे. मध्ये गाडीच्या तळाचा उंच बोगदा आणि कडक उशी, तिथे मोठं माणूस तासभरही सुखाने बसत नाही. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट लावली की पुढची सीट सरकवावी लागते, म्हणून खरेदीआधी स्वतःची सीट नेऊन लावून बघाच. डिक्की ५२० लिटरची, पण मागची सीट दुमडणं हा ऐच्छिक पर्याय होता. प्रत्येक गाडीत तो सापडेलच असं नाही.

स्टिअरिंगवरच्या एम१ बटणावर घरची सेटिंग साठवा: इंजिन एफिशंट, शॉक कम्फर्ट, स्टिअरिंग कम्फर्ट, गिअर बदलण्याचा वेग दोन, डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) पूर्ण चालू. या सेटिंगमध्ये मागे मूल झोपलं तरी जागं होत नाही. ओल्या रस्त्यावर डीएससीला हात लावू नका. कोमट न झालेल्या टायरवर ६८० न्यूटन-मीटर तिसऱ्या गिअरमध्येही मागचा भाग घसरवतात.

ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्सला सवयीने वागवावं लागतं. इंचइंच सरकताना क्लच घसरत राहतो आणि तापतो. पुढच्या गाडीशी अंतर पडू द्या, मग एका दमात पुढे जा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा. गिअरच्या लिव्हरवर पार्किंगचा 'पी' नाही. घरातला दुसरा चालक असेल तर गाडी लावण्याची पद्धत त्याला आधी शिकवा. गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलचं ऑइल ६० हजारांच्या आसपास बदललेलं चांगलं.

अधिकृत मिश्र वापर १०० किलोमीटरला ९.९ लिटर. तेवढा आकडा फक्त स्थिर वेगाच्या लांब प्रवासात जवळपास येतो. शहरात लिटरला पाच-साडेपाच किलोमीटर धरून चाला. टाकी ८० लिटरची आहे, म्हणून लांबच्या प्रवासात पंपावर सारखं थांबावं लागत नाही. बॅटरी डिक्कीत असते, एजीएम (ॲसिड काचेच्या धाग्यांच्या थरांत शोषलेल्या) प्रकारचीच लागते आणि बदलल्यावर गाडीच्या संगणकात तिची नोंद करावी लागते. नोंद न केल्यास चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने होतं आणि नवी लवकर मरते.

याच वर्गात मर्सिडीजची डब्ल्यू२१२ ई६३ आणि ऑडीची सी७ एस६ आहे. एस६च्या ४.० लिटर इंजिनात टर्बोला जाणाऱ्या ऑइलची बारीक जाळी तुंबण्याचा प्रश्न ठाऊक आहे, ती बदलल्याची पावती मागा. एफ१० एम५ इस्टेट (मागे छतापर्यंत उंच डिक्कीच्या) रूपात बनलीच नाही. बाबागाडी, सायकल आणि सामान एकत्र न्यायचं असेल तर ई६३ इस्टेट बघा. तिच्या मागच्या बाजूला हवेच्या स्प्रिंगा आहेत, म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी मागची दोन्ही चाकं ते मडगार्ड हे अंतर टेपने मोजून घ्या, म्हणजे एखादी बाजू खाली बसली आहे का ते कळेल.