काचेवरचा क्यूआर पार्किंग टॅग: नंबर खरंच झाकला जातो का?

गाडी कुणाच्या गेटसमोर अडली तर फोन यावा म्हणून डॅशबोर्डवर दहा आकडे लिहून ठेवायचे, ही जुनी पद्धत. हे टॅग त्याला पर्याय म्हणून निघाले. समोरच्याने कोड स्कॅन केला की एक पान उघडतं आणि तिथून मेसेज किंवा फोन करता येतो. कॉल मधल्या कंपनीच्या नंबरावरून जोडला जातो, त्यामुळे कुणालाच कुणाचा नंबर दिसत नाही. कल्पना चोख, पण माल सगळा सारखा नाही.

चिकटवण्याआधी दुसऱ्या फोनने स्कॅन करा. वेबपत्ता आला तर ठीक. थेट डायलर उघडून तुमचेच दहा आकडे समोर आले, तर तो टॅग म्हणजे चौकोनात लिहिलेला मोबाइल नंबर. 'नंबर द्या, लगेच छापून देतो' छाप स्वस्त स्टिकरांत हा प्रकार असतो. उघडलेल्या पानावर मालकाचं नाव दिसत असेल तर सेटिंगमध्ये बंद करा. बंद होत नसेल तर टॅग परत करा. टॅगच्या सेवेची मुदतही विचारून घ्या. ती संपली की कोड स्कॅन होतो, फोन मात्र लागत नाही, आणि तोवर टोइंगवाले गाडी उचलून मोकळे.

कोड साधारण त्याच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून वाचला जातो, म्हणजे 3 सेंमीचा कोड 30 सेंमीवरून. त्यामुळे बारका, नाजूक टॅग नको. काचेला आतून लावायचा घ्या. बाहेरचा पावसाळ्यात कडा सोडतो, आणि त्यावर दुसऱ्याने आपला कोड चिकटवला तरी कळत नाही.

हे सगळं जमलं तरी टॅग झाकतो तो फक्त नंबर. मागच्या काचेवर रेडियममध्ये मुलांची नावं, शेजारी शाळेचा लोगो, पुढे सोसायटीचा 'बी-704'. कुलूप तोडणारा आधी कुलूप बघतो, त्याला यातलं फारसं लागत नाही. हे कामाला येतं ते 'शाळेतून बोलतोय, तुमच्या मुलाला लागलंय, पैसे पाठवा' म्हणणाऱ्याला. एकेकटा स्टिकर निरुपद्रवी असतो. तिन्हींची बेरीज झाली की खोट्या फोनला खऱ्याचा रंग चढतो. सोसायटीला फ्लॅट नंबराऐवजी नुसता अनुक्रमांक छापायला सांगा, फ्लॅटची यादी वॉचमनच्या वहीत राहू दे.

जुना स्टिकर काढताना हेअर ड्रायरने मिनिट-दोन मिनिटं गरम करा, मग जुन्या प्लास्टिक कार्डाने कोपरा उचलून हळू ओढा. उरलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने जातो, नंतर साबणाचं पाणी. मागच्या काचेला आतून ब्लेड अजिबात नको. डीफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या तारा खरवडल्या गेल्या की तेवढी पट्टी पावसाळाभर धुकट राहते.