सिंदखेडराजा की बऱ्हाणपूर? घाटाखालच्या शाळांच्या एकदिवसीय सहलीसाठी

बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली असलेल्या संग्रामपूर, जळगाव जामोद आणि मलकापूर तालुक्यांतील शाळांत राजवाडा दाखवणाऱ्या एका दिवसाच्या सहलीचा विषय निघाला की दोन नावे पुढे येतात : घाटावरचे सिंदखेडराजा आणि तापीकाठचे बऱ्हाणपूर. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातले असूनही लांब पडते आणि मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर जवळ, त्यामुळे नुसते अंतर पाहिले तर पारडे बऱ्हाणपूरकडे झुकते.

चौथीच्या वर्गासाठी मात्र सिंदखेडराजाच निवडावे. इतिहासाच्या पुस्तकात शिवचरित्र शिकणाऱ्या मुलांना, 12 जानेवारी 1598 रोजी जिजाऊंचा जन्म झाला तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा तेथे प्रत्यक्ष पाहता येतो. वाड्यालगतची नगरपालिकेची बाग डबा खाण्यापुरती ठीक आहे. खरे पाहण्याजोगे आहेत ते मोती तलाव आणि शिल्पांनी सजलेली पुतळा बारव. जिजाऊ जयंतीच्या आसपासचे दिवस टाळावेत, कारण त्या गर्दीत शिक्षकांचा सारा दिवस मुले मोजण्यातच जातो.

सातवीपासून पुढच्या मुलांना बऱ्हाणपूर अधिक देऊन जाईल. शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या (स्नानगृहाच्या) छतावरची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. 1631 मध्ये मुमताज महल याच शहरात वारली आणि आग्र्याला नेण्यापूर्वी तिचे दफन तापीपलीकडच्या आहूखान्यात झाले होते. आहूखाना ही मोगलांची बाग आणि मृगवन. पण फुलांचे ताटवे शोधणाऱ्या मुलांचा तेथे हिरमोड होईल, कारण आता तेथे भग्न अवशेषच उरले आहेत. पुरंदरच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेले मिर्झाराजे जयसिंह 1667 मध्ये बऱ्हाणपुरातच निवर्तले, त्यांची छत्रीही (स्मारकवास्तू) पाहता येते.

मात्र माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे तो कुंडी भंडारा. मोगल सरदार अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, 1615 च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने आणि ओळीने खोदलेल्या कुंड्यांतून (विहिरींतून) शहरापर्यंत आणले गेले. खारपाणपट्ट्यात राहून गोड्या पाण्यासाठी वणवण पाहिलेल्या मुलांना ही रचना कोणत्याही महालाहून लवकर कळेल.

एसटीच्या शालेय सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत मिळते. परराज्यात जायचे असल्यास तिची आणि शिक्षण विभागाच्या परवानगीची चौकशी महिनाभर आधी करावी. बऱ्हाणपूर ठरले तर कुंडी भंडारा सकाळीच उरकावा, कारण तेथील लिफ्टमधून एका वेळी मोजकीच मुले खाली उतरतात.