आरसिसलॉग काढून सिसलॉग-एनजी टाकलं, त्याला सात महिने झाले

डेबियन लिनक्स 11 वरून 12 ला नेलेला सर्व्हर आहे, मेलचं काम चालतं त्याच्यावर, त्यामुळे लॉग, म्हणजे काय घडलं त्याच्या नोंदी, दिवसरात्र पडतच असतो. आरसिसलॉग आणि सिसलॉग-एनजी ही दोन्ही या नोंदी फाईलमध्ये लिहिणारी सॉफ्टवेअरं. 12 कोरं टाकलं तर आरसिसलॉग आपोआप येत नाही, नुसतं जर्नलडी (सिस्टमचाच नोंदी गोळा करणारा प्रोग्राम) असतं, पण अपग्रेड केलेल्या मशीनवर जुनं आरसिसलॉग तसंच राहतं आणि माझ्याकडे तेच होतं.

पहिला त्रास डबल ओळींचा. लॉगिन फेल झालं की तोच सेकंद, तोच पीआयडी (प्रोसेसचा नंबर), आणि ओळ दोनदा. कोणी पासवर्ड मारून बघतंय की काय म्हणून मी घाबरून एकेक आयपी तपासत बसलो, आकडे सगळे दुप्पट. कारण असं की जर्नलडी प्रत्येक मेसेज सॉकेटवरून आरसिसलॉगला देत होतंच, आणि वर मी जर्नलडीच्या नोंदी थेट वाचणारं आरसिसलॉगचं इम-जर्नल मॉड्यूल पण चालू केलेलं, म्हणजे एकच मेसेज दोन वाटांनी आत येत होता. मॉड्यूल बंद केलं, थांबलं.

मग फिल्टर नीट लिहिता यावेत म्हणून सिसलॉग-एनजी घेतलं. एपीटी (डेबियनचं सॉफ्टवेअर टाकणारं टूल) आरसिसलॉग स्वतःच काढून टाकतं, दोघं एकत्र राहू देत नाही, हे बरंच आहे. मला वाटलं झालं काम. पण पुढच्या आठवड्यात बघतो तर व्हार-लॉग फोल्डरमधली सिसलॉग फाईल शून्य बाइट, आणि सिसलॉग डॉट 1 (बाजूला केलेली जुनी फाईल) फुगत चाललेली! सर्व्हिस रीस्टार्ट केली की ठीक, काही दिवसांनी परत तेच. लॉगरोटेट हे टूल ठराविक काळाने लॉगची फाईल बाजूला करून नवी सुरू करतं, त्याला रोटेशन म्हणतात; खरी गोष्ट कळायला अशी दोन रोटेशन गेली. आरसिसलॉग रिमूव्ह झालं तरी त्याची लॉगरोटेटची फाईल मागे राहते, लॉगरोटेट नावाच्या क्रमाने आधी तीच वाचतं आणि सिसलॉग-एनजीच्या फाईलला डुप्लिकेट एंट्री म्हणून सोडून देतं. फाईलचं नाव बदलतं, पण सिसलॉग-एनजीला फाईल नव्याने उघड असं सांगणारं कोणी नसतं, कारण जुन्या फाईलमधली स्क्रिप्ट पॅकेजबरोबर गेलेली, म्हणून ते जुन्याच फाईलमध्ये लिहीत राहतं. डीपीकेजीच्या (पॅकेजच्या) यादीत आरसिसलॉगपुढे आरसी दिसलं की समजायचं, कॉन्फिग अजून शिल्लक आहे. पर्ज केलं, म्हणजे कॉन्फिगसकट काढलं, सर्व्हिस एकदा रीस्टार्ट केली, तेव्हापासून एकदाही गडबड नाही.

आता मांडणी अशी आहे की जर्नलडी खाली राहतं, ते काढायच्या भानगडीत पडू नका, आणि त्याच्या वर एकच सिसलॉग. सिसलॉग-एनजीचा सिस्टम सोर्स जर्नल (जर्नलडीचा नोंदींचा साठा) थेट वाचतो, म्हणून जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये फॉरवर्ड-टू-सिसलॉग नो करून टाकलं. जर्नल मुळात डिस्कच्या 10 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 4 जीबी जागा घेऊ शकतं, मी 500 एमबीवर बांधलंय, कारण जुना हिशोब टेक्स्ट फाईलमध्ये असतोच. फिल्टरवर मी खूश आहे, मेलचा लॉग वेगळा, लॉगिनचा वेगळा, शोधायला मिनिटभर लागत नाही. कॉन्फिगची भाषा मात्र शिकावी लागते, एक सेमीकोलन राहिला की सर्व्हिस उठतच नाही, तेव्हा रीस्टार्टच्या आधी सिंटॅक्स चेक करून घ्याच.

काहीही बदललं की मी लॉगर कमांडने एक वेगळाच शब्द पाठवतो आणि सिसलॉग फाईलमध्ये तो किती ओळींत आला ते ग्रेप या शोधायच्या कमांडने मोजतो. 1 आला पाहिजे. 2 आला तर कुठेतरी दुसरी वाट उघडी आहे, 0 आला तर आधी डॉट 1 मध्ये बघा.